जळालेल्या मानधनावरचा कर

बाईंना राग आला की त्या आवाज चढवत नसत. चष्मा काढून पुसत. काचा जितक्या लख्ख, तितका राग मोठा, हे घरातल्या सर्वांना अनुभवाने ठाऊक होते. त्या रविवारी सकाळी बाई चष्मा एवढा वेळ पुसत बसल्या की सूनबाईने गॅस बंद केला, हात कोरडे केले आणि वेळ पडलीच तर मध्ये पडता यावे म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

बाईंच्या समोर एक कागद होता. तो चिरंजीवांनी आणला होता. चिरंजीव विमा कंपनीत उपव्यवस्थापक होते. डोक्यावर केस बेताचेच होते, पण आत्मविश्वास मुबलक होता. वर्तमानपत्राच्या पुरवणीआड तोंड लपवून ते एवढेच म्हणाले होते, “आई, इथे सही कर. फुली मारलीय तिथे.”

न वाचता सही करणे हे बाईंच्या दृष्टीने न बघता रस्ता ओलांडण्याइतकेच मूर्खपणाचे होते. त्यांनी कागद वाचला. कागद असा होता: ‘मी, खाली सही करणारी, असे लिहून देते की मला स्वतःचे कोणतेही उत्पन्न नाही आणि माझ्या उदरनिर्वाहासाठी मी सर्वस्वी माझ्या मुलावर अवलंबून आहे.’

“हे कोणी लिहिलं?” बाईंनी विचारले.

“कोणी लिहिलं म्हणजे? छापील आहे. म्हातारे आईवडील अवलंबून असले की आम्हाला करात सूट मिळते. इतकी वर्षं नुसतं नाव लिहून भागायचं, यंदापासून सही मागतायत.”

“इतकी वर्षं?”

आपण नको तेवढे बोलून गेलो, हे चिरंजीवांच्या ध्यानात आले. पुरवणी आणखी वर गेली.

“परवा विजेचं बिल कोणी भरलं?”

“तू.”

“नातीच्या क्लासची फी?”

“तूच दिलीस. मी नाही कुठं म्हणतो? पण आई, ते कागदावर नाही ना! कागदावर तुझं उत्पन्न शून्य आहे. मग सही करायला काय जातं तुझं?”

बाईंचे काय जाते, हे ज्याला बावन्न वर्षे त्यांच्या घरात काढूनही कळले नाही, त्याला एका सकाळी कसे समजावून सांगायचे? बाई जादूचे प्रयोग करीत. पती निवर्तले तेव्हा चिरंजीव पाटीवर अक्षरे गिरवीत होते. तेव्हापासून या घरातला प्रत्येक दिवा, प्रत्येक चादर आणि चिरंजीवांचे शिक्षण बाईंनी टोपीतून, रुमालातून आणि रिकाम्या पेटीतून बाहेर काढले होते. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्या काळा कोट घालून मंचावर उभ्या राहिल्या की मागच्या रांगेतले लोक पुढे सरकत. आणि त्यांनी लिहून द्यायचे होते की मला उत्पन्न नाही!

“कागदावर नाही म्हणतोस?” चष्मा डोळ्यांवर चढवीत बाई म्हणाल्या. “मग कागदावर आणते. मी माझा कर भरणार.”

“अहो आई, चहा निवतोय,” सूनबाई हळूच म्हणाली.

“निवू दे.”

कर चुकवायचा विचार माणसाने मनात आणला तर त्याला तो एकट्याने, गुपचूप आणि दार लावून तडीस न्यावा लागतो. कर भरायचा विचार मात्र लपत नाही, आणि तो ज्याच्या कानावर जाईल त्याला आपले नातेवाईक असल्यासारखा कळवळा येतो. इमारतीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बातमी फुटली. तळमजल्यावरचे निवृत्त बँकवाले जिन्यात बाईंची वाट पाहत उभेच होते.

“वहिनी, ऐकलं ते खरं का?”

“काय ऐकलंत?”

“तुम्ही म्हणे आपण होऊन...” पुढचा शब्द त्यांच्याने उच्चारवेना. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि आवाज उतरवला. “वहिनी, अहो, सरकारला आपण दिसत नाही, हे केवढं भाग्य! लोक त्यासाठी काय काय करतात. आणि तुम्ही हात वर करून सांगणार, मी इथे आहे म्हणून?”

“मी आयुष्यभर लोकांसमोर उभी राहिले,” बाई म्हणाल्या. “सरकारलाच तेवढी दिसत नसेन, तर त्यात कमीपणा माझा आहे.”

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या शेजारणीने आपल्या बहिणीचे उदाहरण दिले. बहिणीचे ब्युटी पार्लर होते आणि ती गिऱ्हाईके निम्मीच दाखवायची; उरलेल्या निम्म्या बायका कागदोपत्री कधीच सुंदर झाल्या नव्हत्या. ही युक्ती ऐकून बाईंनी मधल्याच मजल्यावर लिफ्ट थांबवली आणि उरलेला जिना पायी चढल्या.

करसल्लागाराचे कार्यालय चपलांच्या दुकानाच्या डोक्यावर होते. जिना एवढा अरुंद की उतरणाऱ्याने भिंतीला चिकटावे आणि चढणाऱ्याने त्याच्या पोटाला वळसा घालावा, अशी तिथली रीत पडली होती. आत फायलींचे ढिगारे होते आणि त्यांच्या मधोमध, मान तेवढी बाहेर काढलेला, सल्लागार होता.

“बोला बाई. किती दाखवायचं?”

“आहे तितकं.”

“हो हो, सगळे असंच सुरू करतात. आपण निम्म्यावर येऊ.”

“निम्म्यावर का?”

“बरं, एक तृतीयांश. त्याच्या खाली मात्र मला झेपणार नाही हो. हल्ली फार कडक झालंय.”

“मी भाजी घ्यायला आलेले नाही. जेवढं मिळालं तेवढं लिहा.”

सल्लागाराने पेन खाली ठेवले, बाईंकडे निरखून पाहिले आणि अतिशय जिव्हाळ्याने विचारले, “बाई, तुम्हाला कोणी धमकी दिलीय का?”

धमकी नसून ही बाईंची खुशी आहे, हे पटायला त्याला बराच वेळ लागला. पटल्यावर तो गंभीर झाला. त्याने पावतीपुस्तक मागितले. ते नव्हते. करारपत्र मागितले. बाई म्हणाल्या, मी फोनवर हो म्हणते आणि माझे हो म्हणजे हो. बँकेचे पुस्तक मागितले. त्यात खाते उघडताना भरलेल्या रकमेचे चार आकडे होते आणि बाकी पान कोरे होते.

“रोख मिळतं, रोख खर्च होतं,” बाई म्हणाल्या.

“पण इतक्या वर्षांत एकालाही पावती दिली नाहीत?”

पावती न देण्याचे कारण होते आणि ते त्यांच्या धंद्याच्या गाभ्याशी होते. बाईंच्या कार्यक्रमाचा शेवटचा प्रयोग ‘मानधनाची राख’ या नावाने प्रसिद्ध होता. यजमान मंचावर येऊन सर्वांदेखत मानधनाचे पाकीट बाईंच्या हातात देत. बाई आतल्या नोटा पंख्यासारख्या पसरून शेवटच्या रांगेला दाखवीत, पुन्हा पाकिटात घालीत, पाकीट पितळी ताटलीत ठेवीत आणि यजमानांनाच काडी ओढायला सांगत. पाकीट भडकन पेटे. यजमानांचा चेहरा पाहून सभागृह हसून लोळे. बाई राखेवर फुंकर मारीत, “आपला हिशेब पूर्ण झाला,” असे म्हणत आणि टाळ्यांच्या गजरात निघून जात. नोटा त्यांच्याबरोबर घरी येत. कशा येत, हे इथे सांगायचे कारण नाही. बाईंनी ते पोटच्या मुलाला सांगितलेले नव्हते. पण एकदा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पैसे जळाल्यावर पडद्यामागे जाऊन त्यांची पावती लिहायची, म्हणजे आपल्याच प्रयोगावर आपणच पाणी ओतायचे. बाईंनी ते कधी केले नाही आणि कोणा यजमानाने कधी मागितलेही नाही. राखेची पावती कोण मागणार?

“मग कोणाकडून तरी लिहून आणा,” सल्लागार म्हणाला. “अमक्या कार्यक्रमाचे अमुक दिले. तीनचार चिठ्ठ्या पुरे होतील. नाहीतर उद्या तिथे विचारतील, हे पैसे जादूचेच कशावरून? लाचेचे कशावरून नाहीत?”

“माझ्या वयाला लाच कोण देतं?” बाईंनी विचारले. सल्लागाराचा प्रश्न त्यांना खरोखरच अपमानास्पद वाटला होता. कोणत्या बाजूने, ते सांगणे कठीण आहे.

दुसऱ्या दिवशी बाई ठेवणीतली पर्स घेऊन चिठ्ठ्या गोळा करायला निघाल्या. पहिला मुक्काम हॉटेल. तिथे नऊ वर्षे दर शनिवारी बाईंचा प्रयोग होत असे. व्यवस्थापक दोन्ही हात पसरून पुढे आला. “या या बाई! आज शनिवार नसताना कशा?” बाईंनी काम सांगितले. वेटरने टेबलावरची बशी उचलावी तसे त्याच्या चेहऱ्यावरचे हसू उचलले गेले.

“बाई, असं लिहून नाही देता येणार. तुमचं नाव आमच्याकडे कुठंच नाही.”

“नऊ वर्षं मी इथे उभी राहते.”

“राहता ना! नाही कोण म्हणतंय? पण आमच्या हिशेबात तुम्ही...” त्याने दाराकडे पाहिले, छताकडे पाहिले, शेवटी बाईंकडे पाहणे भाग पडले. “आमच्या हिशेबात तुम्ही फुलांची सजावट आहात.”

“काय आहे मी?”

“टेबलावरची फुलं. मालक म्हणाले, कलाकार दाखवला की वेगळा परवाना, वेगळा कर. फुलांना काही लागत नाही.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. व्यवस्थापकाला या खुणेचा अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून तो वर म्हणाला, “दर महिन्याला महागातली फुलं दाखवतो हो, तशी कमतरता नाही काही.”

शाळेत मुख्याध्यापिकेने त्यांना चहा पाजला, पुष्कळ मान दिला आणि शेवटी कबूल केले की दर वर्षीच्या संमेलनाचे बाईंचे पैसे ‘झुरळांचा बंदोबस्त’ या खात्यातून निघतात. त्या खात्यात पैसे उरतात. कलेच्या खात्यात कधीच नव्हते. दातांच्या डॉक्टरांनी, ज्यांच्या मुलीच्या तीन वाढदिवसांना बाईंनी रंगत आणली होती, एका पेशंटच्या तोंडात हात असतानाच उत्तर दिले. “पाकीट मी दिलं, बाई, हे खरं. पण ते जळालं. काडी मीच ओढली. आमच्या घरचे सगळे साक्षीला आहेत. मी खोटं कसं लिहून देऊ?”

खोटे न लिहिण्याचा हा आग्रह बाईंना सर्वांत जास्त झोंबला. ज्या समाजात झुरळे आणि फुले हसतहसत लिहिली जातात, तिथे एक खरी ओळ लिहायची वेळ आली की सगळ्यांच्या हाताला कंप सुटतो. आणि पुन्हा तेच लोक जादू ही हातचलाखी आहे म्हणून नाके मुरडतात!

पण राग व्यक्त करायला बाईंना फुरसत मिळाली नाही, कारण गोष्ट तिथे थांबली नाही. जादूवाल्या बाई कराची चौकशी करीत हिंडत आहेत, ही बातमी यजमानांच्या वर्तुळात आग लागल्यासारखी पसरली. शुक्रवारी हॉटेलातून फोन आला. या शनिवारी नको, पुढच्याही नको. “मालकांनी आता खरीच फुलं मागवलीत,” व्यवस्थापक खालच्या आवाजात म्हणाला. शाळेने संमेलनात यंदा योगासने ठेवली. डॉक्टरांची मुलगी एकाएकी वाढदिवस साजरे करण्याच्या वयाच्या पुढे गेली.

“झालं समाधान?” चिरंजीव म्हणाले. “होतं तेही घालवलंस. आता तरी त्या कागदावर सही करायला हरकत नाही ना? आता तर ते खरंच झालं.”

सूनबाईने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिले की त्यांनी ताटातली मान वर केली नाही. बाईंनी चष्म्याला हातही लावला नाही. हे शब्द रागाच्याही पलीकडे गेले होते. चार प्रयोग बंद पडल्याचे त्यांना दुःख नव्हते; प्रयोग पुन्हा मिळतील. पण आज त्या कागदावर सही केली, तर आजवरचे सगळे प्रयोग झालेच नाहीत असे ठरणार होते. मुलाला वाढवले ते कोणी, या प्रश्नाचे उत्तर कायमचे ‘मुलाने’ असे लिहिले जाणार होते.

बाईंनी स्वतःच्या हाताने विवरणपत्र भरले आणि प्राप्तिकर कार्यालयात नेऊन दिले. खिडकीपलीकडच्या कारकुनाने व्यवसायांची यादी बोटाने खालून वर आणि वरून खाली चाळली. सर्कस होती, नाटक होते, बँड होता. जादू नव्हती.

“जादू हा व्यवसाय नाही, आजी.”

“मग मी काय करते?”

“ते तुम्हीच सांगा. यादीत नाही. ‘मनोरंजन, इतर’ टाकू?”

इतर! बाईंनी तोही घोट गिळला. कारकुनाने रकमेचा आकडा पाहिला, पुरावे म्हणून जोडलेला कोरा कागद उलटून पाहिला आणि सगळे प्रकरण सुनावणीसाठी वर पाठवून दिले.

सुनावणीला चिरंजीव रजा काढून बरोबर आले. आईच्या काळजीने आलो, असे त्यांचे म्हणणे होते. बाईंचे मत वेगळे होते, पण बसचे तिकीट त्यांनीच दोघांचे काढले.

अधिकारी एक तरुण मॅडम होत्या. खोलीत लोखंडी कपाटे, वाळलेल्या झाडाची एक कुंडी आणि टेबलावर दाबली तरी न वाजणारी घंटा. दारात शिपाई उभा होता, म्हणून घंटेची तशी गरजही नव्हती.

“बसा आजी,” मॅडम म्हणाल्या.

“मी इथे कोणाची आजी म्हणून आलेली नाही. करदाती म्हणून आले आहे.”

“अजून नाही आहात,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “तेच तर ठरायचं आहे.”

उत्तर बाईंना आवडले, पण त्यांनी ते चेहऱ्यावर दिसू दिले नाही. मॅडमनी संगणकाचा पडदा फिरवला. त्यावर सिमेंट कंपनीचा वार्षिक मेळावा चालू होता. कंपनीने स्वतःच तो कौतुकाने सर्वांना पाहायला ठेवला होता. संचालक पाकीट देत होते. बाई नोटा पसरून दाखवीत होत्या. काडी ओढली गेली, पाकीट पेटले, संचालकांचा जबडा खाली आला, टाळ्या कडाडल्या.

“हे मानधन का?” मॅडमनी विचारले.

“हो.”

“जळालं.”

“जळालेलं दिसतं.”

“आता पाहा. जळालं असेल, तर ते तुम्हाला मिळालं नाही. म्हणजे उत्पन्न नाही. शिवाय नोटा जाळणं हा गुन्हा आहे, तो वेगळा. आणि जळालं नसेल, तर ते तुमच्याकडे कसं आलं, ते मला सांगा. मी लिहून घेते.”

“ते सांगता येणार नाही.”

“का?”

“सांगितलं तर पुढच्या वर्षी कर भरायला उत्पन्न उरणार नाही.”

शिपाई खाकरला. तो हसू दाबत होता की खरेच खाकरत होता, हे कळायला मार्ग नव्हता. मॅडमनी कपाळावरून हात फिरवला. “बाई, माझ्यासमोर रोज माणसं येतात. सगळी सांगतात, मला काही मिळालं नाही. मी सिद्ध करते की मिळालं. तुम्ही पहिल्या आहात की ज्या सांगतात, मिळालं. आणि मिळाल्याचं मला काही सापडत नाही.”

नेमक्या या क्षणी चिरंजीव पुढे सरसावले. त्यांना गुन्हा हा शब्द ऐकून घाम फुटला होता आणि सुटीचा दिवस फुकट जात असल्याचेही वाईट वाटत होते. “मॅडम, एवढं मनावर घेऊ नका. वय झालंय तिचं. आई हे हौस म्हणून करते. उत्पन्न वगैरे काही नाही. खर्च सगळा माझाच असतो.”

बाईंनी चष्मा काढला. पर्समधून रुमाल काढला. एक काच पुसली, दुसरी काच पुसली, पुन्हा पहिली पुसली. चिरंजीवांना आपण काय बोललो ते दुसऱ्या काचेच्या वेळी उमगले आणि ते खुर्ची मागे सरकवू लागले.

“पाकीट काढ,” बाई म्हणाल्या.

“आई, इथे काय...”

“काढ म्हणते ना! आतल्या नोटा दे. सगळ्या. खर्च तुझाच असतो ना? मग असतील भरपूर.” आणि मॅडमकडे वळून, “एक लिफाफा द्या. सरकारी चालेल.”

“बाई, कार्यालयात असलं काही...”

“तुम्ही पुरावा मागितलात. मी पुरावा देते आहे.”

मॅडमनी परवानगी द्यायच्या आधीच शिपायाने लिफाफा पुढे केला होता. दारातून दोन कारकून डोकावले, त्यांच्या खांद्यावरून आणखी तिघे. बाई उभ्या राहिल्या. पाठीचा बाक गेला, हात हलके झाले, आणि त्या लोखंडी कपाटांच्या खोलीत एकाएकी मंच उभा राहिला. त्यांनी चिरंजीवांच्या नोटा पंख्यासारख्या पसरल्या, दाराशी उभ्या असलेल्यांना दाखवल्या, लिफाफ्यात घातल्या, डिंक लावून बंद केला आणि चिकटवलेल्या जागेवर मॅडमना सही करायला लावली.

“इथे कागदांची कपाटं आहेत, म्हणून विस्तव नको,” असे म्हणून बाईंनी लिफाफा टराटरा फाडला. दोन तुकडे, चार, आठ. आणि ते कचऱ्याच्या डब्यात टाकून दिले.

“आई! माझे पैसे!” चिरंजीव ओरडले.

मॅडमनी डबा टेबलावर उपडा केला. तपकिरी कागदाचे तुकडे निघाले, त्यांवर त्यांच्याच सहीचे अर्धे-पाव अवशेष होते. नोटेचा तुकडादेखील नव्हता.

“माझे पैसे दे, आई. चेष्टा पुरे.”

“कुठे आहेत तुमचे पैसे?” मॅडमनी चिरंजीवांना विचारले.

“कुठे म्हणजे? तिच्याकडे!”

“तुम्ही तसं पाहिलंत का?”

“पाहायला कशाला हवं? माझ्याकडून गेले, तिच्याकडे आले! जातील कुठे? इतकी वर्षं हेच करत आलीय ती! कंपन्यांचे घेते, हॉटेलांचे घेते, आणि फाडल्या-जाळल्यासारखं दाखवून घरी आणते. मी लहानपणापासून पाहतोय. मागे एकदा तर माझी परीक्षेची फी त्याच...” चिरंजीव थांबले.

“बोला ना,” मॅडम म्हणाल्या. “परीक्षेची फी?”

दारातले पाचही चेहरे चिरंजीवांकडे वळले होते.

बाईंचा आवाज अजिबात चढला नाही. “मॅडम, तुमच्या नमुन्यात ‘उत्पन्न कोणाकडून आले’ असा रकाना आहे. ‘कसे आले’ असा नाही. मी दहा वेळा वाचला. कोणाकडून आले, हे सर्वांनी पाहिलं. कसे आले, हा माझा धंदा आहे आणि त्यावर तुमचा हक्क नाही.”

मॅडमनी नमुना ओढून घेतला आणि वाचला. मग दुसऱ्या बाजूने वाचला. शेवटी त्यांनी एक कोरा कागद चिरंजीवांपुढे सरकवला.

“तुम्ही आत्ता जे सांगितलंत, ते लिहून द्या. कंपन्या, हॉटेलं, घरी आणलेले पैसे. साक्षीदाराचं नाव, नातं, सही.”

“मी? मी कशाला? मी तर...”

“तुम्ही खोटं बोललात का?”

चिरंजीवांनी आईकडे पाहिले. आई भिंतीकडे पाहत होती. त्यांनी लिहिले. लिहिता लिहिता ते दोनदा थांबले. फीपाशी बराच वेळ थांबले. पण तीही लिहिली. नाते या शब्दापुढे त्यांनी ‘मुलगा’ असे लिहिले तेव्हा अक्षर आधीच्या ओळींपेक्षा लहान आले होते. मॅडमनी शिक्का उमटवला. बाईंचे उत्पन्न मान्य झाले. कर आला, उशीर केल्याचा दंड आला, दंडावरचे व्याज आले.

“आपण होऊन आले त्याचा दंड?” बाई कडाडल्या. हा त्या दिवसातला त्यांचा पहिला चढलेला आवाज होता. “न आलेल्यांना काय करता?”

“त्यांना शोधतो,” मॅडम म्हणाल्या.

“शोधा! हॉटेलात फुलं शोधा आधी.”

मॅडमनी हे टिपून घेतले. बाईंनी दंडासकट सगळी रक्कम पर्समधून काढून मोजून दिली आणि भरणा खिडकीवरून पावती आणवून घेतली. मग संगणकावर चिरंजीवांचे विवरणपत्र उघडून मॅडम त्यांच्याकडे वळल्या.

“साहेब, तुमची आई उत्पन्न मिळवते, हे तुम्हीच लेखी दिलंत. म्हणजे तुम्ही घेतलेली सूट चुकीची. ती परत करायची, व्याजासह. पहिला हप्ता आजच भरलात तर पुढचा दंड टळेल.”

चिरंजीवांनी सवयीने पाकीट उघडले. आत विमा कंपनीचे ओळखपत्र आणि बसचे जुने तिकीट होते. त्यांनी पाकीट मिटले, पुन्हा उघडले, जणू मधल्या काळात काही उगवले असेल. दारातून कोणीतरी फिसकन हसले.

“आई,” ते अगदी हळू म्हणाले.

“काय?”

“थोडे... दे ना.”

“देते. लिहून दे.”

“आई, आता तूसुद्धा?”

“मीसुद्धा. मला आजवर कोणी लिहून दिलं नाही. तुझ्यापासून सुरुवात.”

मॅडमनी आणखी एक कोरा कागद पुढे सरकवला. चिरंजीवांनी मान खाली घालून लिहिले, ‘आज आईकडून पैसे मिळाले’, आणि सही केली. बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवून ती ओळ वाचली.

“‘आईकडून’ खोड.”

“मग काय लिहू?”

“‘आईच्या कमाईतून’ लिही.”

पेन थोडा वेळ हवेतच राहिले. मग ते खाली आले, एक शब्द खोडला गेला आणि वर दोन लिहिले गेले. बाईंनी नोटा मोजून मुलाच्या हातात ठेवल्या. त्या त्याच्याच होत्या की दुसऱ्या, हे विचारायचे धाडस त्याला झाले नाही. कागदाची त्यांनी चार पदरी घडी घातली, बोटांनी कडा दाबून घेतल्या आणि घडी ठेवून दिली. ती त्यांनी कुठे ठेवली, हे त्या खोलीतल्या कोणालाही दिसले नाही.